गावात बर्गरची चेन येतेय, वडापाववाल्यांनी नेमकी कशाची काळजी करायची

तू लिहिलंयस की तुमच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या नव्या कॉम्प्लेक्समधे तळमजल्यावर बर्गरची मोठी चेन येतेय, बोर्ड लागलाय, दिवाळीच्या आधी उघडणार आणि गावात दोन तट पडलेत. तुझे बाबा बावीस वर्षं तिथेच चार गाळे सोडून वडापाव, मिसळ, चहाचं स्नॅक्स सेंटर चालवतात, हातगाडीवाल्यांनी नगरपरिषदेवर मोर्चा न्यायचं ठरवलंय, कॉलेजची पोरं खुश, तुझी बहीण पण खुश, आणि घरात रोज जेवताना यावरनं वाद होतात. तुझा प्रश्न असा की मोर्चात जायचं का, आणि बाबांनी मेनूमधे बर्गर सुरू करावा का.

बर्गरचं आत्ताच सांगून टाकते, नको. मोर्चाचं पुढे येईलच.

मी पुण्यात खाण्याच्या धंद्यात अठ्ठावीस वर्षं आहे. पहिली सहा वर्षं एका पिझ्झा चेनच्या आउटलेटमधे होते, काउंटरपासून शिफ्ट मॅनेजरपर्यंत, मग कोथरूडला स्वतःचं स्नॅक्स सेंटर काढलं, आणि आता जिल्ह्यातल्या लहान हॉटेलवाल्यांना किचन लावून देणं, हिशोब बसवून देणं हे काम करते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. तुमच्यासारखी तालुक्याची गावं पण बरीच बघितली, आणि सगळीकडे भांडण एकाच गोष्टीवर होतं, की लोक वडापाव सोडून बर्गर खायला लागतील का. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी आहे. वडापाववाला बर्गरमुळे बंद पडताना मी जवळजवळ बघितला नाही, भाड्यामुळे बंद पडताना मात्र खूप बघितलेत, आणि त्यातली एक मी स्वतः.

माझं कोथरूडचं दुकान 2006 मधे सुरू झालं. दोन वर्षांनी शेजारच्या मोठ्या गाळ्यात एक पिझ्झा चेन आली. पहिले दोन महिने माझा संध्याकाळचा गल्ला थोडा पडला, मग परत जागेवर आला, उलट त्यांच्याकडे आलेल्या लोकांतले काही जण बाहेर पडून माझ्याकडे चहा प्यायचे. मी निर्धास्त. माझं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं होतं, दरवर्षी रिन्यू व्हायचं, मालक चांगले होते, कधी त्रास दिला नाही. पण त्या वर्षी रिन्यूअलला त्यांनी सरळ दुप्पट भाडं सांगितलं, कारण शेजारच्याला चेन किती देते ते सगळ्या बिल्डिंगला कळलेलं. मालकांची चूक होती असंही मी म्हणणार नाही, त्यांच्या हातात तो आकडा आला होता. मी चार महिने ओढलं आणि 2009 ला दुकान रिकामं केलं. आजूबाजूचे अजून म्हणतात की पिझ्झ्याने तिचं दुकान बसवलं. पिझ्झ्याने काही केलं नव्हतं, माझी गिऱ्हाइकं शेवटच्या दिवसापर्यंत तेवढीच होती, शेवटच्या दिवशी तर वडे दुपारी तीनलाच संपले.

आता तुझ्या बाबांचा हिशोब मांडून बघू. तू जे आकडे दिलेस त्यावरनं दिवसाला साधारण 9,000 चा गल्ला, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 2,34,000. भाडं 18,000, म्हणजे विक्रीच्या पावणेआठ टक्क्यांच्या आसपास, हे चांगलं आहे. माल आणि तेल 45 टक्के धर, कारागीर आणि पोरांचे पगार 20, गॅस, लाइट, नासाडी 8. हातात साधारण 45,000 राहतात. आता समज बर्गर आला आणि विक्री दहा टक्के पडली, म्हणजे 23,400 कमी झाले, पण तेवढा बटाटा, बेसन, पाव पण लागला नाही, मग खरा तोटा 13,000 च्या आत. वाईट आहे, पण तो काही महिन्यांत भरून निघतो. आणि समज विक्री तेवढीच राहिली पण भाडं 18,000 चं 40,000 झालं, तर 45,000 चे 23,000 राहतात, आणि हे दर महिन्याला, कायमचं. माझा ठोकताळा असा की भाडं विक्रीच्या बारा-तेरा टक्क्यांच्या वर गेलं की लहान खाण्याचं दुकान दोन वर्षांत थकतं, पहिल्यांदा तेल बदलायला उशीर होतो, मग चांगला कारागीर सोडून जातो, मग वडा लहान होतो, आणि मग लोक म्हणतात आता पहिल्यासारखी चव राहिली नाही.

चेनला एवढं भाडं कसं परवडतं हे पण समजून घे. त्यांची माणसं आधी येऊन बसतात, दिवसभर रस्त्यावरनं किती टू-व्हीलर गेल्या, कॉलेज कुठे, बँका कुठे, हायवेवरनं गाडी आत वळवायला सोपी आहे का, थ्री फेज लोड मिळेल का हे सगळं मोजतात. मग मोठा तळमजला घेतात, करार नऊ वर्षांचा किंवा त्याहून मोठा, ठरावीक भाडं किंवा विक्रीतला टक्का यातलं जे जास्त असेल ते, आणि दर तीन वर्षांनी वाढ. मी जे करार बघितलेत त्यात एक गोष्ट बहुतेक वेळा असते, की जागामालक पूर्ण मुदत बांधलेला आणि कंपनी मात्र सुरुवातीचे दोन-तीन वर्षं गेले की नोटीस देऊन बाहेर पडू शकते. म्हणून तुमच्या गावातले जे म्हणतायत की आता आपल्या जागांना कायमचा भाव आला, त्यांनी पण जरा थांबावं. चाललं नाही तर कंपनी शटर ओढून जाते, आणि वाढलेल्या भाड्याच्या अपेक्षेने आजूबाजूचे गाळे वर्ष-वर्ष रिकामे पडून राहतात, मालकाचं पण नुकसान आणि बाजारपेठेला पण उतरती कळा.

म्हणून सगळ्यात आधी बाबांचं ॲग्रीमेंट. आपल्याकडे अकरा महिन्यांची सवय लागलीय कारण लोकांना वाटतं वर्षाच्या आत असेल तर रजिस्टर करावं लागत नाही. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी जागामालकावर टाकलीय. मग अकरा महिन्यांचाच का करायचा? 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला स्टँप ड्यूटी एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे, डिपॉझिट असेल तर त्यावरचं मानीव (म्हणजे मिळालं असतं असं धरलेलं) व्याज पण त्यात धरतात. 18,000 भाडं आणि दरवर्षी पाच टक्के वाढ धरली तरी पाच वर्षांचं मिळून बारा लाखांच्या आत, त्यावर ड्यूटी तीन हजारांच्या आसपास, आणि नगरपरिषद हद्दीत रजिस्ट्रेशन फी हजार रुपये. एवढ्या पैशात पाच वर्षांची झोप मिळते. वाढ किती ते आत्ताच लिहून घ्यायचं, पाच टक्के, सात टक्के, जे ठरेल ते, आणि लॉक-इन दोन्ही बाजूंना बांधणारा असावा, म्हणजे मालकाने पण मधेच काढता कामा नये. मालकाला पटवताना भीक मागितल्यासारखं बोलायचं नाही. बावीस वर्षं एक तारखेला भाडं देणारा माणूस आहे, आज दोन हजार जास्त देतो म्हणा पण पाच वर्षांचं करा म्हणा. हे बोर्ड लागलाय तोवरच करायचं, एकदा उद्घाटन झालं, शनिवारची गर्दी मालकाने डोळ्यांनी बघितली की मग तो आकडा त्याच्या डोक्यातनं जात नाही. शक्य असेल तर स्टँडसमोरचे सगळे भाडेकरू मिळून बोला, मेडिकलवाला, झेरॉक्सवाला, मोबाईल रिपेअरवाला, कारण हे फक्त खाण्याच्या दुकानांचं नाहीच आहे, झेरॉक्सवाला तर बर्गर विकत पण नाही आणि तो सगळ्यात आधी जाईल.

आता मोर्चा. चीड मला कळते, ज्या माणसाने हातगाडीवर तीन पोरं शिकवली त्याला त्या चकचकीत बोर्डाकडे बघून काय वाटत असेल हे मी समजू शकते. पण परवानगी देऊ नका ही मागणी टिकत नाही. जागा कमर्शियल असेल, बांधकाम मंजूर असेल, अन्न परवाना आणि आगीसंबंधीची कागदपत्रं बरोबर असतील तर गावातल्या काही लोकांना आवडत नाही म्हणून नगरपरिषद नाही म्हणू शकत नाही, कोर्टात एका दिवसात उडेल. 1995 मधे बंगळुरूला केएफसी उघडलं तेव्हा तिथल्या शेतकरी संघटनेने, प्रो. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने, फार मोठा विरोध केला होता, 1996 च्या जानेवारीत आउटलेटची तोडफोड पण झाली, देशभर गाजलं. दुकान राहिलं आणि चेन पुढे देशभर पसरली. म्हणून मोर्चा काढायचाच असेल तर मागणी वेगळी ठेवा.

हातगाडीवाल्यांसाठी खरा धोका असा आहे की उद्घाटनानंतर महिन्याभरात समोर पार्किंगला अडचण होते अशी तक्रार जाईल आणि अतिक्रमणवाले गाड्या उचलतील. त्यासाठी पथविक्रेता कायदा 2014 आहे. त्यात स्पष्ट आहे की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्र दिलं जाईपर्यंत विक्रेत्याला हलवता येत नाही, आणि नगर विक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले पाहिजेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या नगरपरिषदेत ही समिती आहे का, सर्वेक्षण झालंय का, किती जणांकडे प्रमाणपत्र आहे, हे विचारायला जा, शंभर जण जा, घोषणा द्या, पण हे मागा. आणि त्याच निवेदनात लिहा की नव्या आउटलेटने पार्किंग स्वतःच्या आवारात द्यावं, किचनच्या सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप (पाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी) लावावा, ओला कचरा वेगळा द्यावा. ग्रीस ट्रॅप नसेल तर सहा महिन्यांत त्या लाइनीवरचं गटार तुंबतं, आणि तुंबतं ते खालच्या अंगाला, म्हणजे तुमच्याच दुकानासमोर. हे मी एका ठिकाणी पावसाळ्यात बघितलंय, मिसळ खाणाऱ्या माणसाच्या चपलेपर्यंत पाणी आलं होतं. अर्थात ग्रीस ट्रॅप मागायचा तर बाबांनी पण लावायचा, छोटा मिळतो, सिंकखाली बसतो.

बहिणीचं म्हणणं तू एका ओळीत उडवून लावलंस, तिथे मी तुझ्याशी सहमत नाही. ती म्हणाली मला मैत्रिणींबरोबर बसायला जागा हवीय. अरे, हे सगळ्या वादातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. तालुक्याच्या गावात अठरा-वीस वर्षांच्या मुलीने एसटीची वाट बघत तासभर कुठे बसायचं? हॉटेलात बसली तर गल्ल्यापासून दारापर्यंत सगळे बघणार, नाहीतर ती फॅमिली रूम, फळीचं पार्टिशन, मळका पडदा, आत पंखा बंद. बाथरूम कुठे तर मागे, कडी नाही. मी काउंटरवर होते तेव्हा लक्ष्मी रोडला खरेदीला आलेल्या बायका लेकरं घेऊन आत यायच्या, आधी बाथरूम कुठे विचारायच्या, मग मेनू बघायच्या. आमचे मॅनेजर आम्हाला सांगायचे की त्यांना कधी अडवू नका, आज वापरतील उद्या घेतील. त्या खरंच यायच्या परत. चेनमधे पोरी जातात त्या चवीसाठी कमी आणि या गोष्टींसाठी जास्त, स्वच्छ बाथरूम, उजेड, भिंतीवर लिहिलेला दर, आणि कोणी उठा म्हणत नाही. यातलं एकही काम असं नाही की जे बाबांना जमणार नाही. कडी, बादली, आरसा, एक्झॉस्ट, दिवसातनं चार वेळा धुणं. पार्टिशन काढून टाका, चांगला ट्यूबलाइट लावा, दर मोठ्या अक्षरात भिंतीवर. पंचवीस-तीस हजारांचं काम आहे, नव्या फ्रायरपेक्षा स्वस्त.

रोजगाराचं दोन्ही बाजू अर्धंच बोलतात. मिळणारे पगार किमान वेतनाच्या आसपास असतात, आठ-नऊ तास उभं राहायचं, क्लोजिंगची शिफ्ट असेल तर भांडी, मशिन, फरशी सगळं होऊन निघेपर्यंत मध्यरात्र, आणि पोरं टिकत नाहीत, वर्षभरात निम्मी बदलतात. हे सगळं खरं. पण मला एकविसाव्या वर्षी पहिली पगाराची स्लिप मिळाली ती तिथेच, त्या स्लिपवर बँकेने मला गाडीचं कर्ज दिलं, माझ्या घरात तोपर्यंत बँकेने कोणाला कर्ज दिलं नव्हतं. पीएफ होता, ईएसआय म्हणजे कामगार विमा होता, आई आजारी पडली तेव्हा त्या कार्डावर औषधं मिळाली. आपल्या हॉटेलात दहा-बारा वर्षं राबलेल्या कारागिराकडे एक कागद नसतो की तो इथे होता. कायद्याने दहा माणसं झाली की ईएसआय आणि वीस झाली की पीएफ लागू होतो, बाबांकडे सहाच जण आहेत म्हणून सक्ती नाही, पण पगार बँकेत टाकणं आणि आठवड्याची सुट्टी याला कोणी अडवलंय? नाहीतर तुमचा वडे तळणारा चांगला पोरगा पहिल्या महिन्यातच तिकडे अर्ज देईल, आणि तो गेला तर ते नुकसान त्या दहा टक्के विक्रीपेक्षा मोठं असेल. गावातल्या मुली तिथे लागणार असतील तर एक गोष्ट आधीच विचारून घ्या, राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही आणि ठेवलं तर सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते, तेव्हा घरापर्यंत सोडायला गाडी आहे का. पुण्यात रिक्षा मिळते, तुमच्याकडे साडेनऊनंतर काय मिळतं?

शाळेच्या मॅडमनी आरोग्याचा मुद्दा काढलाय तो बरोबर आहे आणि त्याला नियमाचा आधार पण आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. टेप घेऊन मोजा. तसंच दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या चेनला मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात, लिहिल्या नसतील तर विचारा. पण आरोग्याच्या नावाने मोर्चा काढू नका असं मी तुम्हाला कळकळीने सांगेन, कारण मैद्याचा पाव आणि तळलेला वडा आपण पण विकतो, आणि तेल हा आपला सगळ्यात कच्चा दुवा आहे. जुलै 2018 पासून नियम आहे, तळणीच्या तेलातले टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत-परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. चेनमधे आम्ही हे रोज तपासायचो, नोंद ठेवायचो. गावात किती जण तपासतात? काल रात्रीचं तेल सकाळी, त्यात नवीन ओतून परत संध्याकाळी, हे चालतं, सगळ्यांना माहितीय. तपासायच्या पट्ट्या मिळतात, वापरलेलं तेल बायोडिझेलवाले विकत नेतात. बाबांनी जर भिंतीवर पाटी लावली की तेल आज सकाळी बदललं, तारीख टाकून, आणि ती खरी असली, तर पोराला घेऊन आलेली आई ती वाचेल.

शेतकऱ्यांचा फायदा होईल असं तुमचे नगरसेवक सभेत म्हणाले, त्याबद्दल थोडं. मॅकडोनल्ड्स 1996 मधे भारतात आलं तेव्हा त्यांनी सुरुवातीपासून चीज घेतलं ते आपल्या बारामतीच्या डेअरीतनं आणि ती बर्गरमधली सलाडची पानं तळेगावच्या शेतातनं, टिक्की तळोज्याच्या कारखान्यातनं. म्हणजे पुणे जिल्ह्याला धंदा मिळाला हे खरंच आहे. पण तो मिळतो कारखान्याला आणि करारावर पिकवणाऱ्या मोठ्या शेताला, सगळी खरेदी एका ठिकाणी होते आणि थंड गाडीतनं माल येतो. तुमच्या बाजार समितीतला बटाटा ते आउटलेट एक किलो पण घेणार नाही, त्यांना फ्राइजला लांबट, कमी साखरेचा ठरावीक वाणच लागतो. तुमच्या मार्केट यार्डातला बटाटा रोज कोण घेतो तर तुझे बाबा आणि ते बारा गाडेवाले.

आणि आपली संस्कृती बुडेल म्हणणाऱ्या काकांना पण सांग, मॅकडोनल्ड्सने इथे येताना गाईचं आणि डुकराचं मांस पूर्ण बाजूला ठेवलं आणि बटाट्याची टिक्की घालून बर्गर बनवला, म्हणजे वाकली ती कंपनी, आपण नाही. पुण्याच्या वडापावच्या आणि अमृततुल्य चहाच्या चेन आता कुठे-कुठे पोचल्यात बघ. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या टपरीवाल्याच्या शेजारी पुण्याचं चकाचक अमृततुल्य उघडतं तेव्हा त्याला पण हेच वाटत असणार जे आज तुझ्या बाबांना वाटतंय, हे मला स्वतःला अशा दुकानांचं किचन लावून देताना कायम आठवतं.

आता बर्गर का नको. एक, बन, पॅटी, सॉस, फ्रोजन ठेवायला डीप फ्रीजर, लाइट बिल, हे सगळं वाढतं आणि 60 रुपयाचा बर्गर तुम्ही विकणार त्यात तुम्हाला 20 च्या वडापावपेक्षा टक्क्यात कमी उरतं. दोन, गिऱ्हाईक तुलना करणार आणि त्या तुलनेत तुम्ही हरणार, कारण तो पदार्थ त्यांच्या मशिनसाठी बनलाय. मिसळीची तुलना कोणाशी करणार? तर्री, सॅम्पल, ताजा पाव, हे त्यांना जमत नाही, कारण त्यांच्या पद्धतीत जे शिकाऊ पोराला तीन दिवसांत शिकवता येत नाही ते मेनूत येतच नाही. तीन, वेळ. अशी आउटलेट साधारण अकराला उघडतात. सकाळी सहा ते अकरा पूर्ण बाजार तुमचा आहे, पहिल्या एसटीपासून, पोहे, उपमा, मिसळ, चहा, शाळेचे शिक्षक, बँकेची माणसं, आठवडे बाजाराच्या दिवशी खेड्यावरनं आलेले शेतकरी. तू लिहिलंस की बाबा सकाळी नऊला उघडतात. साडेसहाला उघडा. माझ्याकडे येणाऱ्या दुकानांत मी पहिला बदल हाच करून घेते, आणि त्या दोन-अडीच तासांतच बहुतेकांची पडलेली विक्री भरून निघते. दर कमी करू नका, शेजारी बर्गर दीडशेला विकला जात असताना वडापाव वीसचा पंधरा करून कोणी जास्त खात नाही. ऑनलाइन डिलिव्हरीच्या नादाला लगेच लागू नका, कमिशन वीस टक्क्यांच्या आगेमागे जातं आणि वर हिशोब केला त्यात एवढी जागा नाही, गावात सायकलवर पोरगा पाठवून तुमचं काम होतं.

हो, आणि नाव. काही गाडेवाले आता चेनसारखं वाटेल असं नाव आणि लाल-पिवळा बोर्ड करायच्या विचारात आहेत असं तू लिहिलंयस, त्यांना थांबव. पुण्यात बर्गर किंग नावाचं खाण्याचं दुकान 1992 पासून आहे, त्या नावाची परदेशी कंपनी भारतात दुकानं घेऊन 2014 ला आली, 2011 मधेच तिने पुण्याच्या दुकानावर दावा लावला होता, तेरा वर्षं चालला, ऑगस्ट 2024 मधे पुण्याच्या कोर्टाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला तरी प्रकरण वरच्या कोर्टात गेलंच. आधीपासून नाव वापरणाऱ्याला एवढं लढावं लागतं, मग आज नक्कल करणाऱ्याचं काय होईल. उलट बाबांच्या दुकानाचं नाव बावीस वर्षं लोकांच्या तोंडात आहे, त्याचा ट्रेडमार्क करा, लहान धंद्याला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका प्रकाराला, 4,500 रुपये आहे, हॉटेलसाठी वर्ग 43. उद्या मिसळीचा मसाला पाकिटात विकायचा म्हटलं तर वर्ग 30 मधे पण करून ठेवा. मसाल्याचं युनिट काढायचं असेल तर लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, अजून चालू आहे का ते विचारून घ्या, पण ते नंतर, आधी घर सांभाळू.

उद्घाटनाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत समोर रांगा दिसतील, पोरं सेल्फी काढतील, बाबांना रात्री झोप लागणार नाही. त्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका, माणूस कमी करू नका, मालाची क्वालिटी हलवू नका. रोजचा गल्ला वहीत लिहा, सकाळ, दुपार, संध्याकाळ वेगळा. चौथ्या महिन्यात मंगळवारी दुपारी तीनला समोर जाऊन किती टेबलं भरलीत ते मोज, मग आपण बोलू. मी पुढच्या महिन्यात तुमच्याच बाजूला एका कामासाठी येणार आहे, दुकानावर चक्कर टाकीन, बाबांना सांग मिसळ खाऊनच जाईन.

तोपर्यंत एकच काम कर. बाबांचं ॲग्रीमेंट कपाटात असेल, ते काढ, शेवटच्या पानावरची तारीख बघ, रजिस्ट्रेशनचा नंबर आहे का बघ, की नुसता नोटरीचा शिक्का आहे, आणि मला फोटो पाठव. जर ते मार्चच्या आत संपत असेल तर मालकाकडे या रविवारीच जा, बाबांबरोबर तू पण जा.